देवळालीपासून लंडनपर्यंत : इंग्रजांच्या बोलीतील आपले शब्द

आपल्या शाळेतून बाहेर पडलेला विद्यार्थी महाविद्यालयात, कचेरीत किंवा कारखान्यात पाऊल ठेवतो, तेव्हा त्याला सर्वांत अधिक धास्ती इंग्रजीची असते, असे माजी विद्यार्थी आणि पालक वारंवार सांगतात. पुस्तकातील इंग्रजी अभ्यासाने साध्य होते. परंतु इंग्रजी चित्रपट पाहताना किंवा क्रिकेटचे समालोचन ऐकताना काही शब्द असे कानी पडतात, की जे पाठ्यपुस्तकात कोठेच नसतात. अशा शब्दांना इंग्रजीत ‘स्लँग’ म्हणतात. एखाद्या गटाने, धंद्याने किंवा वस्तीने आपापसांत बोलण्यासाठी घडवलेली किंवा रुळवलेली ही बोली होय. वसतिगृहातील मुलांना हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक शब्दात ‘च’ घालून बोलली जाणारी ‘च’ची भाषा आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांना आजही येत असेल. आपण एका गटाचे आहोत हे दाखवणे आणि आपले बोलणे परक्याला कळू न देणे, ही दोन कामे अशी बोली जगभर करीत आली आहे.

या लेखात ब्रिटिश लोकांच्या बोलीतील काही शब्द, त्यांचे अर्थ आणि त्यांची उत्पत्ती आम्ही देत आहोत. शेकडो शब्दांतून निवड करताना आम्ही एकच कसोटी लावली आहे : ज्या शब्दांचे मूळ आपल्या देशात, आपल्या भाषेत, किंबहुना आपल्या शहापूर तालुक्यातून जाणाऱ्या लोहमार्गाच्या पुढच्या टप्प्यावर सापडते, असेच शब्द घेतले आहेत.

ही बोली घडते कशी?

प्रथम एक उदाहरण थेट लंडनचे घेऊ. लंडनच्या पूर्व भागातील फेरीवाले, हमाल आणि कामगार यांच्या बोलीला ‘कॉकनी’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात या लोकांनी यमकाची एक गंमतीदार पद्धत रूढ केली. जिन्याला इंग्रजीत ‘स्टेअर्स’ म्हणतात. त्याच्याशी यमक जुळते ‘पेअर्स’चे. म्हणून जिन्याला ते ‘अ‍ॅपल्स अँड पेअर्स’, म्हणजे ‘सफरचंदे आणि नासपती’, म्हणू लागले. ‘हेड’ म्हणजे डोके. त्याच्याशी यमक ‘लोफ ऑफ ब्रेड’चे, म्हणजे पावाच्या लादीचे. पुढे यमकाचा शब्द गळून पडला आणि उरला नुसता ‘लोफ’. आजही इंग्लंडमध्ये ‘यूज युवर लोफ’ असे कोणी म्हटले, तर ‘पाव वापर’ असा अर्थ न घेता ‘जरा डोके चालव’ असा घ्यावयाचा असतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हे शब्द कोणा प्राध्यापकाने घडवलेले नाहीत. टोपली डोक्यावर घेऊन फिरणाऱ्या, शाळेची पायरी क्वचितच चढलेल्या माणसांनी ते घडवले. आज त्यांची नोंद मोठमोठ्या शब्दकोशांत आहे आणि विद्वान त्यांचा अभ्यास करतात.

आपल्या लोहमार्गावरून गेलेला शब्द

मुंबई ते ठाणे ही पहिली आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली. कल्याणच्या पुढे हा मार्ग 1855 मध्ये वासिंदपर्यंत आणि 1861 मध्ये कसाऱ्यापर्यंत आला. 1865 मध्ये थळ घाटाचे अवघड काम पुरे होऊन गाडी इगतपुरीला पोचली. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी आणि कसारा ही शहापूर तालुक्यातील स्थानके आपल्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या ओळखीची आहेत. घाट चढून इगतपुरीच्या पुढे गेले, की नाशिक रोडच्या आधी एक स्थानक लागते, ते देवळाली.

या देवळालीस ब्रिटिशांनी 1860 च्या दशकात सैन्याचा तळ वसवला. मुंबई बंदरात उतरलेले गोरे शिपाई येथे येत आणि मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथेच थांबत. शिपायांना नेणाऱ्या जहाजांचा हंगाम हिवाळ्याचा होता. ज्याची नोकरी ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर संपे, त्याला पुढचा हंगाम येईपर्यंत कित्येक महिने तळावर बसून काढावे लागत. काम नाही, कवायत फारशी नाही, घरची ओढ आहे, उन्हाचा ताव आहे, त्यातच हिवताप आणि दारू. अशा स्थितीत काही शिपायांच्या मनाचा तोल ढळे. त्यांचे सोबती मग म्हणत, ‘याला देवळालीचा ताप चढला’. ‘ताप’ हा आपलाच शब्द. गोऱ्या शिपायाच्या तोंडी देवळालीचे झाले ‘डुलॅली’ आणि तापाचे झाले ‘टॅप’. ‘डुलॅली टॅप’ हा शब्दप्रयोग शिपायांबरोबर इंग्लंडला गेला. काळाच्या ओघात ‘टॅप’ गळाला आणि ‘डुलॅली’ राहिला. आज इंग्लंडमधील एखादी आजीबाई ‘तो जरा डुलॅली झाला आहे’ असे म्हणते, तेव्हा त्याचे डोके फिरले आहे, असा तिचा आशय असतो. हा शब्द नाशिक जिल्ह्यातील एका गावाचे नाव आहे, याची तिला बहुधा कल्पना नसते.

याला हसण्यापूर्वी आपल्या बोलीकडे पाहावे. ‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य महाराष्ट्रात कोणी कोणाला म्हटले, की ऐकणारे हसतात. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासून आहे आणि त्यामुळे आपल्या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाचे नावच वेडाचा पर्याय होऊन बसले. तेथून बरे होऊन घरी परतलेल्या माणसाला आणि त्याच्या कुटुंबाला तो विनोद कसा लागत असेल, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. गोरा शिपाई आणि आपण, दोघांनी एकच गोष्ट केली : आजाराचे दुःख एका गावाच्या नावात गुंडाळून त्यावर हसू फोडले. अशा चेष्टेच्या भयानेच आपल्या वाड्यापाड्यांतील कित्येक घरे रुग्णाला डॉक्टरकडे नेण्यास उशीर करतात. शब्दाचा परिणाम असा घरापर्यंत पोचतो.

छावणीतील शब्दांचे भांडार

‘डुलॅली’ हा एकटाच गेला नाही. छावणीतील भाषा ही हिंदुस्थानी, फारसी, मराठी, तमिळ अशा अनेक भाषांची मिसळ होती. गोरा शिपाई बाजारात, भटारखान्यात आणि धोब्याशी बोलताना ती शिकला. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी अशा शब्दांचा एक जाडजूड कोश तयार करून 1886 मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’. हे नावही तसेच बनले आहे. मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन, या हुसेन’ हा शोक गोऱ्या शिपायांच्या कानांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ असा टिपला.

यांपैकी काही शब्द वाचकांच्या माहितीसाठी देतो.

‘ब्लायटी’ म्हणजे मायदेश, ब्रिटन. मूळ शब्द ‘विलायती’. आपण आजही विलायती चिंच म्हणतो, तोच हा. 1914 ते 1918 च्या महायुद्धात खंदकातील शिपाई ज्या जखमेमुळे प्राण वाचून घरी जावयास मिळेल, तिला ‘ब्लायटी’ जखम म्हणत आणि ती व्हावी अशी इच्छा करीत. एवढ्या एका शब्दात युद्धाचा सारा उबग साठला आहे.

‘कुशी’ म्हणजे आरामाची, फारसे कष्ट नसलेली. ‘कुशी जॉब’ म्हणजे सुखाची नोकरी. मूळ ‘खुश’ किंवा ‘खुशी’.

‘डेको’ म्हणजे नजर टाकणे. मूळ हिंदी ‘देखो’.

‘पक्का’ इंग्रजीतही पक्काच राहिला. अस्सल, उत्तम प्रतीचा, असा त्याचा अर्थ होतो.

‘बकशी’ म्हणजे फुकट मिळालेले. मूळ ‘बक्षीस’.

‘चिट’ म्हणजे लहानसा लेखी कागद. मूळ ‘चिठ्ठी’.

‘डिक्सी’ म्हणजे शिपायांचे जेवण शिजवण्याचे मोठे भांडे. मूळ ‘डेगची’, जिला आपल्या चुलीपाशी डेचकी म्हणतात.

‘रूटी’ म्हणजे भाकर-पाव. मूळ ‘रोटी’. दीर्घ सेवेबद्दल मिळणाऱ्या पदकाला शिपाई थट्टेने ‘रूटी गाँग’ म्हणत, कारण इतकी वर्षे सरकारची रोटी खाल्ल्याचेच ते पदक.

‘पटी’ म्हणजे पायाला गुंडाळावयाची कापडी पट्टी. मूळ शब्द सांगावयास नकोच.

‘चार’ म्हणजे चहा आणि ‘वाला’ तर आपलाच. बराकीत चहा आणून देणारा तो ‘चारवाला’.

काही शब्द बोलीच्या पायरीवरून प्रमाण इंग्रजीत चढून बसले. लूट, ठग, बंगला, खाट यांवरून ‘लूट’, ‘थग’, ‘बंगलो’, ‘कॉट’ हे शब्द झाले. कामगारांच्या जाड्याभरड्या पोशाखाला इंग्रजीत ‘डंगरीज’ म्हणतात. मुंबईच्या डोंगरी भागात मिळणाऱ्या जाड कापडावरून हे नाव पडले, असे मानले जाते. आणि एक शब्द तर थेट मराठीतून गेला आहे : ‘माँगूस’, म्हणजे आपले मुंगूस. इंग्रजीत ‘गूस’ म्हणजे हंसासारखा पक्षी आणि त्याचे अनेकवचन ‘गीस’. परंतु ‘माँगूस’चे अनेकवचन ‘माँगीस’ होत नाही, ‘माँगूसेस’ होते. मुंगसाचा हंसाशी काही संबंध नाही, हे व्याकरणालाही मान्य करावे लागले.

देवाणघेवाण एकाच दिशेने झाली नाही. ‘प्लॅटून’वरून आपण पलटण केली, ‘रिक्रूट’वरून रंगरूट केला. कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. आपल्या समाजातील अनेक घरांत अक्षरओळख प्रथम आली ती याच पलटणीच्या शाळांतून. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक आणि मुख्याध्यापक होते. त्यांचे पुत्र भीमराव यांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महूच्या छावणीत झाला. मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषा मुलाला उत्तम याव्यात, असा रामजींचा कटाक्ष होता. ज्या छावणीत गोऱ्या शिपायांनी आपले शब्द उचलले, त्याच छावणीत आपल्या पूर्वजांनी इंग्रजी विद्या उचलली. ती त्यांनी कोणत्या कामी लावली, हे सर्वांस ठाऊक आहे.

हजार वर्षांपूर्वी निघालेले पाहुणे

ब्रिटिश बोलीत आपल्याकडील शब्द जाण्याची आणखी एक वाट होती आणि ती छावणीहून कितीतरी जुनी आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून काही समूह पश्चिमेकडे निघाले आणि फिरत फिरत युरोपभर पसरले. त्यांना रोमानी म्हणतात. ते इजिप्तमधून आले अशा समजुतीने इंग्रजांनी त्यांना ‘जिप्सी’ हे नाव दिले. त्यांच्या भाषेत एक ते पाच हे आकडे ‘एख, दुई, त्रिन, श्तार, पांज’ असे आहेत. त्यांच्या मुळाविषयी आणखी पुरावा देण्याचे कारण नाही.

इंग्रजीत जिवलग मित्राला ‘पॅल’ म्हणतात. तो रोमानी भाषेतील भावाचा वाचक शब्द आहे. संस्कृत ‘भ्राता’ आणि आपला ‘भाऊ’ हे त्याचेच सोयरे. दुसरा शब्द ‘चॅव’. रोमानीत त्याचे मूळ ‘छावो’ म्हणजे मूल, पोर. मराठीतील ‘छावा’ त्याच कुळातला. परंतु गेल्या काही दशकांत इंग्लंडमध्ये ‘चॅव’ हा शब्द गरीब कामगार वस्तीतील तरुणांची हेटाळणी करण्यासाठी वापरला जाऊ लागला. त्यांचे कपडे, त्यांचे उच्चार, त्यांची घरे या सर्वांवर या एका शब्दाने शिक्का बसतो. ओवेन जोन्स या लेखकाने 2011 मध्ये याच विषयावर एक पुस्तक लिहून, गरिबांना हिणवण्याचे हे एक साधन बनले आहे, असे दाखवून दिले. आईच्या तोंडी ‘माझे पोर’ असा अर्थ असणारा शब्द परक्याच्या तोंडी शिवी झाला.

स्वतः रोमानी लोकांचा इतिहासही असाच आहे. त्यांना देशाबाहेर घालवण्यासाठी इंग्लंडने 1530 मध्ये कायदा केला. त्याच इंग्रजांनी 1871 मध्ये भारतात गुन्हेगार जमातींचा कायदा करून अनेक भटक्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. तो कायदा स्वतंत्र भारतात 1952 मध्ये रद्द झाला. मात्र त्या जमातींची नावे शिवीसारखी वापरण्याची सवय अद्याप गेलेली नाही.

जातीचे नाव आणि शिवी

याच ओघात दोन शब्दांची माहिती देणे आम्हांस आवश्यक वाटते. इंग्रजी वर्तमानपत्रांत बहिष्कृत व्यक्तीला किंवा राष्ट्राला ‘पॅरिया’ म्हणतात. लिहिणाऱ्यास वाटते, आपण एक भारदस्त शब्द वापरला. वास्तविक ते तमिळनाडूतील परैयर या समाजाचे नाव आहे. ‘परै’ म्हणजे चामड्याचे वाद्य. ते वाजवणारे ते परैयर. गावकुसाबाहेर ठेवलेल्या एका कष्टकरी, कलावंत समाजाचे नाव जगातील सर्वांत मोठ्या भाषेत ‘वाळीत टाकलेला’ या अर्थाने रूढ झाले. गावगाड्यातील वाजंत्रीपासून मेलेले ढोर ओढण्यापर्यंतची कामे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी केली, त्यांना या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही.

दुसरा शब्द ‘कुली’. तमिळमध्ये ‘कूली’ म्हणजे मजुरी, त्यावरून तो आला असे काही अभ्यासक म्हणतात. काही जण त्याचा संबंध कोळी जमातीच्या नावाशी जोडतात. आपल्या शहापूर-मुरबाडमध्ये कोळी समाजाची घरे गावोगावी आहेत, म्हणून ही दुसरी व्युत्पत्ती आपल्याला अधिक जवळून भिडते. गुलामगिरी कायद्याने बंद होत असता 1834 पासून करारबद्ध भारतीय मजूर जहाजांनी मॉरिशसला नेले जाऊ लागले. त्यांत मराठी बोलणारेही होते. पुढे असे मजूर इतर वसाहतींतही गेले. त्या सर्वांना एकच नाव मिळाले, ‘कुली’. दक्षिण आफ्रिकेत हा शब्द इतका फोफावला, की वकिलीसाठी गेलेल्या मोहनदास गांधींना तेथे ‘कुली बॅरिस्टर’ म्हणत. पदवी विलायतेची असली तरी शिक्का पुसला गेला नाही.

आपल्या वर्गाकडे पाहताना

या साऱ्या शब्दांचा आपल्या मुलांशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या मते संबंध फार निकटचा आहे.

आपल्या शाळेत येणारे मूल कोणी कुणब्याचे, कोणी आगऱ्याचे, कोणी ठाकराचे, कोणी कातकऱ्याचे, कोणी बौद्ध कुटुंबातील असते. घरात ते वडिलांना ‘बापूस’ म्हणते, आईला ‘आयस’ म्हणते. वर्गात हा शब्द तोंडातून निघाला, की शहराकडून आलेली मुले हसतात आणि ते मूल पुढे बोलणेच टाळते. ‘अशुद्ध बोलू नकोस’ असे त्याला सांगण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आहे. इंग्लंडमधील मूल घरी आईला ‘मम’ म्हणते आणि निबंधात ‘मदर’ लिहिते. त्या घरच्या शब्दाला कोणी घाणेरडा म्हणत नाही. आपल्या मुलालाही तेवढेच सांगावयाचे आहे : घरी बापूस, निबंधात वडील, दोन्ही शब्द तुझेच. प्रमाण मराठी आणि उत्तम इंग्रजी त्याला आलीच पाहिजे, कारण अर्ज, परीक्षा आणि न्यायालय यांची भाषा ती आहे. पण त्यासाठी आईच्या तोंडचा शब्द टाकण्याची अट नको. डेचकी आणि चिठ्ठी हे शब्द साहेबाने उचलले म्हणून कोशात गेले आणि कातकरी आजीच्या तोंडी राहिलेले शब्द कोणी लिहून घेतले नाहीत, यात शब्दांचा दोष काहीच नाही.

भगवान बुद्धांसमोर हाच प्रश्न आला होता. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात कथा आहे, की ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खू बंधूंना, निरनिराळ्या जातिगोत्रांचे भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते बिघडवतात, असे वाटले. बुद्धवचन छंदोबद्ध वैदिक भाषेत घालावे, अशी त्यांनी विनंती केली. बुद्धांनी ती नाकारली आणि आपापल्या बोलीतच धम्म शिकण्याची अनुज्ञा दिली. आपल्या मुरबाड तालुक्याच्या माथ्यावर नाणेघाटात सातवाहन राजघराण्याचा ब्राह्मी लिपीतील प्राचीन शिलालेख आहे; तोही प्राकृतात, म्हणजे लोकभाषेच्या कुळातील भाषेत आहे. कल्याण बंदराकडे माल नेणारे व्यापारी त्याच वाटेने जात होते.

बुद्धांनी सम्यक वाचेत खोटे बोलणे, चहाडी, कठोर बोलणे आणि निरर्थक बडबड या चार गोष्टी वर्ज्य सांगितल्या. यांपैकी कठोर वाचा वसतिगृहात बहुधा टोपणनावाच्या रूपाने शिरते. कोणाच्या जमातीवरून, कोणाच्या रंगावरून, कोणाच्या तोतरेपणावरून पडलेले नाव मूल दहावीपर्यंत वागवते आणि हसून दाखवते. मुलांनी एकमेकांत बोली घडवावी, ‘च’ची भाषा बोलावी, यमके जुळवावीत, त्यात आनंद आहे. मात्र ज्याला तो शब्द लागतो, तो स्वतः तो शब्द आनंदाने उच्चारू शकतो का, एवढी एक परीक्षा त्यांनी करून पाहावी. ‘पॅल’ या परीक्षेत उतरतो, ‘पॅरिया’ उतरत नाही.

इंग्रजी शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना व्यवहाराची एक सूचना. ‘डेको’, ‘कुशी’, ‘पक्का’ हे शब्द मित्रांत चालतात. मुलाखतीत किंवा अर्जात ते लिहू नयेत. ‘डुलॅली’ समजून घ्यावा, पण आजारी माणसाविषयी वापरू नये. ‘कुली’, ‘चॅव’ आणि ‘पॅरिया’ यांचा अर्थ ठाऊक असावा, तो कोणी आपल्यावर टाकला तर ओळखता यावा म्हणून.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती. या वर्षी प्रत्येक घराने एक वही घालावी. शेतीची अवजारे, रानभाज्या, मासे पकडण्याची साधने, नातेवाचक शब्द, आजीच्या तोंडच्या म्हणी, जात्यावर बसताना वापरले जाणारे शब्द, जे जे घरात बोलले जाते आणि पुस्तकात सापडत नाही, ते अर्थासह लिहावे. शेजारी गावाचे नाव लिहावे. अशा वह्या शाळेच्या ग्रंथालयात आल्या, तर शहापूर-मुरबाडच्या बोलीचा एक कोश आपल्याच मुलांच्या हातून उभा राहील. तो तयार करण्यास कोणा साहेबाची वाट पाहण्याचे कारण नाही.